हाताच्या आतला दिवा

मॉरिस मायनरच्या पिलरमध्ये साइड दाखवायचा जो हात लपलेला असतो, त्याला सप्लायची तार एकच. बटण फिरवलं की कॉइल हात वर ओढते, आणि हात आडवा झाला की त्याच तारेवर आतला 3 वॅटचा बल्ब पेटतो आणि पेटलेलाच राहतो. अर्थ बॉडीतून. गाडी नवी होती तेव्हा एवढं पुरत होतं, मागून येणारा बहुधा सायकलवर किंवा टांग्यात असायचा. आज राजारामपुरीत हा हात बाहेर आला की मागच्या बुलेटवाल्याला वाटतं गाडीचं काहीतरी निखळलं. "मालक, तुमचं लोंबतंय बघा," हे सांगायला तो नेमका त्याच बाजूनं जवळ येतो.

म्हणून पुढं-मागं उघडझाप करणारे पिवळे दिवे बसवावे लागतात. ते काम काही मोठं नाही. जुना फ्लॅशर गरम तारेवर चालतो, एलईडीचा करंट त्याला पुरत नाही. तयार मिळणारे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर निगेटिव्ह अर्थचे, आणि ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ. डॅशवर पायलट दिवा एकच असेल तर त्याच्यातून उलटा सप्लाय जाऊन दोन्ही बाजू एकदम पेटतात, तिथं दोन डायोड. हे सगळं लायनीतल्या माणसाला ठाऊक आहे.

माझं घोडं अडतं ते हातापाशी. हाताला फ्लॅशरवरून सप्लाय दिला तर मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा तो वर-खाली फडफडतो. कायम सप्लाय दिला तर हात स्थिर, दिवाही स्थिर, आणि मागचा पिवळा तेवढा उघडझाप करतो. बाजारात स्वतःच उघडझाप करणारे छोटे एलईडी मिळतात, ते हातात बसतात. पण त्यांचा ठेका वेगळा. सुरुवातीला दोघं बरोबर असतात, चौक ओलांडेपर्यंत एक पेटतो तेव्हा दुसरा विझतो. एकाच गाडीच्या एकाच बाजूला दोन ठेके मला सहन होत नाहीत. गाडीमालकाला चालतं, आरटीओला चालतं, मला झोप येत नाही.

यावर माझा उपाय म्हणजे दुसरी तार. मूळ तारेच्या जोडीनं, केसापेक्षा थोडी जाड, सिलिकॉनच्या आवरणाची, पिलरमधून वर घ्यायची. हाताच्या बिजागरीपाशी तिला दोन वेढ्यांची ढील ठेवायची, बल्बचा होल्डर हातापासून इन्सुलेट करायचा आणि त्याला फ्लॅशरचा सप्लाय द्यायचा. पिलरचा रंग खरवडायचा नाही, नवं भोक पाडायचं नाही. ही तार कोल्हापुरात माझ्याशिवाय कुणी ओवू शकत नाही, असं मी वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर सांगत आलोय. कुणी विचारलेलं नसताना.

मग उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला आणि जोर करायला बंदी घातली. मायनर तर उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये वायरिंग उसवून उभी. लूकसच्या कोडप्रमाणे डाव्या इंडिकेटरची तार हिरवी-लाल, उजव्याची हिरवी-पांढरी. सुती आवरणाच्या जुन्या तारांत हे सगळेच रंग चहाच्या फडक्यासारखे झालेले असतात. ऑपरेशनआधी मी ते डोळ्यांपेक्षा सवयीनंच ओळखत होतो. आता उजव्या डोळ्यानं बघितलं की हिरवा हिरवाच दिसतो, आणि डाव्यानं बघितलं की पुन्हा सगळं तपकिरी. ज्या पांढऱ्या एलईडीला मी "ऊबदार, अगदी जुन्या बल्बसारखा" म्हणून गिऱ्हाइकाला दिलं, तो उजव्या डोळ्याला निळसर दिसतो. त्या गिऱ्हाइकाला मी अजून फोन केलेला नाही.

स्टुलावर बसून मी सांगायचं आणि हात भाचीनं चालवायचे, असं ठरलं. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. डाग माझ्यापेक्षा बारीक देते. दुसऱ्या तारेचं मी सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, हातातला दिवा आणि मागचा दिवा दोन्ही एकदम दिसतील असा माणूस रस्त्यावर कुठं उभा राहणार?"

"मी उभा राहतो," म्हटलं.

खरं म्हणजे माझ्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं मत तिच्याच बाजूला जाईल. हल्ली जुनी गाडी हातात आली की पहिल्यांदा डायनॅमो काढून आल्टरनेटर घालतात, अर्थ उलटा करतात, सगळीकडे एलईडी ठोकतात आणि रिस्टोरेशन म्हणून बिल लावतात. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. दिव्यांचं त्यात कुणी फार मनावर घेत नाही. माझं म्हणणं, चार स्क्रू काढले की गाडी जशी आली होती तशी परत झाली पाहिजे. डायनॅमो ठेवायचा तर करंट जपून वापरावा लागतो. जुन्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीसेक टक्के घटतो. म्हणून हेडलाईटला रिले, जाड तार, आणि अर्थचा नट घासून चकचकीत. एवढ्यावरच निम्म्या तक्रारी मिटतात. पण घासलेला नट फोटोत येत नाही.

आणि दिवे लागतात कशासाठी? गळीत हंगामात राधानगरी रस्त्यानं रात्री जाऊन बघावं. दोन ट्रॉल्या ऊस, पुढं ट्रॅक्टरवर डॉल्बी, मागं ठार अंधार. रिफ्लेक्टर असलाच तर वाड्याखाली झाकलेला. त्या रस्त्यावर मायनरचा हात वर आला काय आणि खाली राहिला काय. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, लोक तिचा रंग आणि लांबी बघतात, मी तिचे दिवे बघत बसतो. त्या वायरिंगला एकदा हात लावायला मिळावा ही इच्छा घरच्यांना पाठ आहे.

भाचीनं दुसरी तार ओवली नाही. तिनं हातात करंगळीच्या नखाएवढं सर्किट बसवलं, आणि फ्लॅशरच्या प्रत्येक ठोक्याला मूळ तारेतला सप्लाय क्षणभर तोडला. इतका थोडा वेळ की कॉइलला हात सोडायची सवड मिळत नाही, पण आतल्या चिपला ते कळतं आणि ती दिवा बदलते. एकाच तारेत हात स्थिर, दिव्याची उघडझाप, ठेका एकच. मी शेडच्या दारात उभा राहून उजव्या डोळ्यानं बघितलं, मग डाव्यानं. चूक सापडली नाही.

"डावी बाजू माझ्या पद्धतीनं करायची," मी म्हणालो. ती हसली नाही, हे तिचं चांगलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर डाव्या पिलरमधून तार मीच ओवली. पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला. बेंचवर दोन्ही हात शेजारी मांडले होते तेव्हा दोन्ही बरोबर पेटत होते. आता गाडीत ते एकाच वेळी कधीच वर येणार नाहीत.

मालकाला यातलं काही सांगितलेलं नाही. तार बिजागरीपाशी तुटली तर डावी बंद पडेल, चिप गरम झाली तर उजवी. माझ्या शेडची, भाचीच्या नावाची पाटी मीच रंगवायला टाकली आहे, आणि तरीही उजवी आधी बंद पडावी असं मला वाटतं.