कार्पेटखालची जमीन

एडिसन, न्यू जर्सी

५ ऑक्टोबर
दिवाणखान्याचं कार्पेट एका कोपऱ्यातून उचलून पाहिलं. खाली सव्वादोन इंची रेड ओकच्या फळ्या, खोलीभर! घर १९५४ सालचं. दाराशी एक काळा डाग सोडला तर जमीन धडधाकट आहे. आई फोनवर म्हणाली, ''एवढी चांगली जमीन झाकली कशाला होती?'' आता स्वयंपाकघरातलं विनाइल काढून तिथंही लाकूडच घालू म्हटलं, तर शहाबादी फरशीवर बादल्या ओतून मोठी झालेली आई गप्पच झाली.

८ ऑक्टोबर
दुकानात जो तो व्हाइट ओक दाखवतो. सध्या चलती त्याचीच. जांका मापात त्याचा कठीणपणा १३६०, रेड ओकचा १२९०. म्हणजे फरक नावापुरता. नवऱ्याला रेड ओकची गुलाबी झाक नको आहे. येताना दोन्हींचे तुकडे आणले.

९ ऑक्टोबर
रेड ओकच्या तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकलं, तर बुडबुडे आले! लेकीला तासभर तोच खेळ पुरला. व्हाइट ओकमधून काही केल्या हवा जाईना. त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. स्वयंपाकघरासाठी रेड ओकची खोट ती हीच. सांडलेलं पाणी लगेच पुसायला हवं.

१४ ऑक्टोबर
जमिनीचं काम करणारे गृहस्थ मीटर घेऊन आले. नव्या फळ्या आणि खालचं प्लायवुड यांच्या ओलाव्यात चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, म्हणून फळ्या आधी घरात आणून ठेवायच्या. काळ्या डागाचाही उलगडा झाला. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याला लोखंड आणि पाणी मिळालं की ते काळं पडतं. कुणीतरी तिथे लोखंडी तिवईवर कुंडी ठेवली असणार.
मग ते म्हणाले, नव्या फळ्या जुन्या फळ्यांत दातांसारख्या अडकवून पुढे नेता येतात. लाकूड तेच असेल तर जोड ओळखू येत नाही. व्हाइट ओक घातला, तर दोन खोल्यांतला फरक कायम दिसत राहणार. नवऱ्याने मान हलवली. रेड ओक ठरला. जागा २०० चौरस फूट, कापण्यातली नासधूस धरून २२० ची ऑर्डर दिली.

३ नोव्हेंबर
जुनं-नवं सगळं एकत्र घासून झालं. पाण्याच्या पॉलिशला वास कमी, पण त्यात गुलाबी झाक तशीच दिसते. तेलाचं पॉलिश मधाळ पिवळं होत जातं. तेलाचं घेतलं, आता चार दिवस मैत्रिणीकडे राहणार.

८ नोव्हेंबर
खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं. हीटर सुरू झाला की हवा कोरडी होऊन फळ्यांत बारीक फटी पडतील, उन्हाळ्यात मिटतील. दाराशी काळा डाग अजून आहे, फिकट झालाय इतकंच. त्या दोन फळ्या बदलल्या नाहीत. कुंड्या तेवढ्या बाहेर ओट्यावर नेल्या.