अब्बा आणि माथेरानची शांतता

आमच्या घराण्यात प्रवासाची कारणे ठरलेली आहेत. लग्न, मय्यत, एखाद्या दर्ग्याची जियारत, नाही तर मुंबईचे मोठे इस्पितळ. या चारांपैकी एकही कारण नसताना घराला कुलूप लावायचे, परक्या ठिकाणी पैसे मोजून राहायचे आणि काहीही न करता परत यायचे, ही गोष्ट भिवंडीच्या आमच्या मोहल्ल्यात कुणाला समजावून सांगणे अवघडच. "कौन बीमार है?" असे शेजारच्या खालांनी विचारले. कुणीच नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जास्तच काळजी दिसली. आबोहवा बदलणे हा वाक्प्रचार आम्ही दरवर्षी उर्दू शाळेत मुलांना शिकवतो, त्याचा वाक्यात उपयोगही करून घेतो. मात्र त्याचा जिंदगीत उपयोग कसा करायचा, हे मुलांना माहीत नाही आणि आम्हालाही नव्हते.

वेळ जमून आली ती २०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात. २० मे रोजी भिवंडीत लोकसभेचे मतदान झाले. मास्तर मंडळींना निवडणुकीचे काम चुकत नाही, तसे ते आम्हालाही चुकले नाही. त्याचा भत्ता हातात होता आणि शाळा उघडायला दिवस होते. अब्बांनी दोन वर्षांपूर्वी यंत्रमागाचे काम सोडले होते. त्याआधी अडतीस वर्षे, बारा-बारा तासांच्या पाळीत, एका वेळी चार-चार, सहा-सहा माग त्यांनी सांभाळले. मजुरी मीटरवर, त्यामुळे सुट्टी म्हणजे पगारातली कपात. अम्मींनी तेवढीच वर्षे घरी बसून कांड्या भरल्या. दोघांनी मिळून कधी विश्रांतीसाठी म्हणून घर सोडले नव्हते. मग ठरवले, दोन रात्री माथेरान.

बाजारपेठेतली हॉटेले आमच्या खिशाला आणि अम्मींच्या संकोचाला मानवणारी नव्हती. एका सहकाऱ्याने एक ठिकाण सुचवले. झाडीत आत, एका कुटुंबाने चालवलेल्या सहा सुट्या कौलारू खोल्या. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटा आणि मालकीणबाई स्वतः रांधणार. फोनवर त्यांनी आधी विचारले, "जेवणाचं काय पाळता?" आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुमच्यासाठी भाजी-भाकरी आणि मासे. कोंबडी हवी असेल तर बाजारातून तुम्ही म्हणाल त्या दुकानातून मागवू." इतक्या सरळ बोलण्याची आम्हाला सवय नव्हती. त्याआधी दोन ठिकाणी आमचे नाव ऐकल्यावर खोल्या अचानक भरल्या होत्या.

कल्याणहून कर्जत लोकल पकडून नेरळला उतरलो आणि त्याच दिवशीच्या तिकिटाच्या रांगेत उभे राहून माथेरानची छोटी गाडी गाठली. दोन फूट रुंदीचा रूळमार्ग, एकवीस किलोमीटरचा चढ आणि त्याला अडीच तासांहून अधिक वेळ. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही स्टेशनांची नावे मुले मोठ्याने वाचत होती. २६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग वाहून गेला होता, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. नंतरही तो अनेकदा बंद पडला आणि २०२२ मध्ये नेरळपासून वरपर्यंत गाडी पुन्हा धावू लागली.

मुलांना आम्ही या गाडीची हकिकत सांगितली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान शोधले असे पुस्तकांत लिहितात. त्याच्या आधीपासून ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरात राहत होतेच. गाडी मात्र आणली ती मुंबईच्या दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सोळा लाख रुपये खर्चून हा मार्ग बांधला. सर आदमजी इंग्रज फौजेला तंबू पुरवत. हे ऐकून अब्बा एकदम सावरून बसले. "तंबू? मतलब कपडा!" म्हणाले. मग बोगद्यापर्यंत त्यांनी मुलांना तंबूच्या जाड कापडाची वीण समजावून सांगितली. मुलीने मध्येच दोन प्रश्न विचारले. अब्बांनी दोन्हींची उत्तरे दिली, पण ती तिच्या प्रश्नांची नव्हती. गाडीचा खडखडाट होता, म्हणून कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

माथेरान स्टेशनापासून आमच्या खोल्या दोन किलोमीटर. इथे मोटारीला बंदी आहे. ई-रिक्षा २०२२ च्या डिसेंबरात प्रयोग म्हणून आल्या होत्या, पण त्या दिवशी आमच्या वाट्याला एकही आली नाही. एक हातरिक्षावाला अब्बांच्या पुढ्यात येऊन थांबला. अब्बांच्याच वयाचा असेल, पायात फाटके बूट. अब्बांनी त्याला चहा पाजला, ठरलेल्या भाड्याच्या निम्मे पैसे हातावर ठेवले, आमच्या पिशव्या रिक्षात घातल्या आणि स्वतः बाजूने चालू लागले. "आदमी को आदमी खींचे, ये सैर नहीं है," एवढेच म्हणाले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या माणसांच्या पोटापाण्याची सोय लावण्याचा आदेश दिला. तेव्हा वर्तमानपत्र अब्बांपुढे धरले. त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि विचारले, "उसको ई-रिक्शा मिली क्या?"

अम्मी मात्र घोड्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. बुरखा सावरत, एका हाताने खोगीर आणि दुसऱ्या हाताने घोडेवाल्या पोराचा खांदा धरून, लाल मातीच्या रस्त्याने त्या आमच्या पुढे निघाल्या. मुले हसत मागे धावली. अम्मींनी आम्हाला दटावले, पण उतरल्या नाहीत.

खोल्यांशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. चहूकडे जांभळाची, अंजनीची दाट झाडे. शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या, मोबाईलला रेंज नाही, रस्ता दिसत नाही. पावसाच्या आधीचे दिवस, आणि त्या दिवसांत माथेरानच्या जंगलात सिकाडा नावाचे किडे भर दुपारी जो कर्कश सूर धरतात, तो ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. शेकडो किडे एकाच दमात किर्र करू लागले की कानात सुई घातल्यासारखे होते. मुलांनी कानांवर हात ठेवले. आम्ही एकमेकांशी मोठ्याने बोलत होतो.

अब्बा ओट्यावर खुर्चीत बसले. डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "या अल्लाह, कितना सन्नाटा है यहाँ. एक आवाज नहीं."

आम्हाला आधी वाटले, थट्टा करताहेत. मुलगी हसलीही. पण अब्बांचा चेहरा थट्टेचा नव्हता. फार वर्षांनी पाठीवरचे ओझे उतरवून बसलेल्या माणसाचा होता. एवढ्यात कुठून तरी भारद्वाजाचा घुमणारा जड आवाज आला, हूप हूप हूप. अब्बांनी डोळे उघडले आणि बरोबर त्या दिशेला पाहिले. तो त्यांना ऐकू आला होता. किड्यांचा आवाज मात्र त्यांच्यासाठी नव्हताच.

वाचकहो, आम्ही बी.एड. केले आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांवर तिथे एक भाग शिकवतात. कमी ऐकू येणारे मूल कसे ओळखावे, याची यादी आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते. विचारावे एक, उत्तर देते दुसरेच. स्वतः मोठ्याने बोलते. चार माणसांत गप्प बसते. पुढचे दोन दिवस ती यादी आमच्यासमोर चालत-बोलत होती. मालकीणबाईंनी "भात वाढू?" विचारले की अब्बा "जी, बहुत अच्छी जगह है" म्हणत. सकाळी शीळ घालणाऱ्या पाखराकडे धाकट्याने बोट दाखवले, तर अब्बा बोटाकडे पाहत राहिले.

भिवंडीत हे कळणे शक्यच नव्हते, कारण तिथे सगळेच ओरडून बोलतात. घराच्या भिंतीपलीकडे माग, समोर माग, वरच्या मजल्यावर माग. खटखट सकाळपासून रात्रीपर्यंत. आमच्या गल्लीत ऐकणारा आणि न ऐकणारा यांच्यात फरकच उरत नाही. दोघेही एकमेकांच्या कानाशी तोंड नेतात. तो फरक दिसायला एक गप्प जागा लागते, आणि आमच्यासारख्यांच्या आयुष्यात गप्प जागा म्हणजे दोन रात्रींचे भाडे.

रात्री मुले झोपल्यावर अम्मींना हळूच विचारले. त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "मुझे तो पंद्रह साल से मालूम है. इसलिए तो मैं सामने बैठ के बात करती हूँ. कारखाने के सब मर्द ऐसेच हैं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मागाचा धंदा असतो तिथे कापूस उडतो, तसे कानही जातात, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब आम्हाला पटला नाही. त्याचे शास्त्र साधे आहे. आपल्या कानाच्या आत शंखासारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुरांच्या, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणून किडे, पाखरांच्या शिट्ट्या, लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज पहिल्यांदा हरवतात. घुमणारे, जड आवाज शेवटपर्यंत राहतात. बोलण्यातले स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त यांसारखी व्यंजने गळतात. कुणीतरी बोलते आहे हे समजते, काय बोलते आहे ते समजत नाही. आठ तासांच्या कामाला नव्वद डेसिबल ही आपल्याकडे मर्यादा धरलेली. धोट्याच्या मागांचे शेड ती सहज ओलांडते, आणि पाळी बारा तासांची असते.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या रोगांच्या यादीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश होता. म्हणजे सरकारदरबारी हा कामातून होणारा आजार म्हणून मान्य होता. पण आमच्या गल्लीतले कारखाने सहा-आठ मागांचे. तेवढी माणसेच कामावर नसल्याने तो कायदा त्या दारातून कधी आत आलाच नाही. अडतीस वर्षांत अब्बांचे कान कुणी तपासले नाहीत. हजेरीबुकातही त्यांचे नाव कुठे असेल, तर ते मीटरच्या आकड्यापुढे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावसाची एक सर येऊन गेली. किडे थांबले. लाल मातीचा वास उठला. आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. त्या खऱ्याखुऱ्या शांततेत अब्बांच्या समोर बसून, त्यांना ओठ दिसतील असे, सावकाश सांगितले, की कानांची तपासणी करून घेऊ या. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बहरा कहलाऊँगा." आम्ही म्हणालो, चष्मा लावणाऱ्याला कुणी आंधळा म्हणत नाही. यावर ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. हो म्हणवून घेतले ते नातीने. रात्री ती त्यांच्या मांडीवर बसून आपली कविता म्हणत होती आणि ते मान डोलावत होते. मध्येच ती थांबली. अब्बा मान डोलावतच राहिले. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि म्हणाली, "दादा, मैं तो चुप हूँ." सकाळी पिशव्या भरताना अब्बांनी स्वतःच विचारले, "कब जाना है?"

वांद्र्याला, रेक्लमेशनजवळ वाणी आणि श्रवणाच्या दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. तिथे अब्बांची तपासणी झाली. बंद खोलीत कानावर यंत्र लावून बसवले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितले. कागदावरची रेघ डावीकडून सरळ निघाली आणि उजवीकडे, उंच सुरांशी, विहिरीत पडावी तशी खाली गेली. दोन्ही कानांची सारखीच. बरे होणार नाही, पण यंत्राने बोलणे समजायला मदत होईल, असे तिथल्या बाईंनी सांगितले. आता अब्बा घरात श्रवणयंत्र लावतात आणि गल्लीत निघाले की काढून खिशात ठेवतात. मागांचा आवाज त्यातून सहन होत नाही. त्यामुळे यंत्राचा खरा उपयोग मुलांना झोपवताना आणि फजरच्या वेळी, गल्ली शांत असते तेव्हा.

घरातला एक पुतण्या अजून मागावर आहे, वय चोवीस. तो कानात रुईचे बोळे घालायचा. रुईने आवाज फारसा अडत नाही, हे त्याला सांगितले आणि औषधांच्या दुकानातून फोमची बुचे आणून दिली. पहिले चार दिवस बाकीच्या कारीगरांनी त्याची भरपूर टर उडवली. पाचव्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांनी बुचे कुठे मिळतात ते विचारले. अब्बांचे तीन जुने साथीदारही घरी येऊन गेले. यंत्र हातात घेऊन पाहिले, किंमत विचारली, "हमको तो बराबर सुनाई देता है," असे मोठ्याने सांगून गेले. त्यांतले एकजण दारातून परत आले आणि वांद्र्याचा पत्ता उर्दूत लिहून मागितला. तो लिहून देताना अब्बांनी शेजारून सांगितले, "नीचे ये भी लिखो, सुबह जल्दी जाना, लाइन लगती है."