२३६ चेंडूंत ६८

मंडळी, या शनिवारी क्रिकेट. पण सचिन नाही, धोनी नाही, कोहलीही नाही. आज संजय बांगर.

नाव ऐकून काहींना टीव्हीवर शांतपणे कॉमेंटरी करणारा माणूस आठवेल, काहींना २०१४ ते २०१९ या काळातला भारताचा बॅटिंग कोच. मला आठवतो तो बीडचा बांगर. माझं गाव परळी वैजनाथ, त्याचा जन्म बीडचा, १९७२ चा. गावं वेगळी असली तरी जिल्हा एक. आणि आमच्या जिल्ह्याचं नाव दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण सोडून चौथ्या कारणासाठी पेपरात येणं तसं कमीच. त्यामुळे बांगर आमचा. विषय संपला.

इंग्लंडमध्ये क्रिकेटर नावाची एक जमात असते, काउंटी प्रोफेशनल. अठरा काउंट्या, एप्रिल ते सप्टेंबर सीझन, वर्षानुवर्षं एकाच क्लबचा करार. त्यातला ऑलराउंडर म्हणजे सहाव्या-सातव्या नंबरला येऊन चाळीस-पन्नास करणार, पंधरा ओव्हर टाकणार, दुसऱ्या दिवशी बस पकडून पुढच्या गावाला. देशाकडून खेळेलच असं नाही. दहा-बारा वर्षं इमानेइतबारे घासल्यावर क्लब त्याच्या नावानं 'बेनिफिट' वर्ष काढतो, चार पैसे गाठीला लागतात. आपल्याकडे यॉर्कशायर माहीत झालं ते १९९२ मध्ये सचिन त्यांचा पहिला परदेशी खेळाडू झाला तेव्हा. पण काउंटी चालते ती सचिनवर नाही, या बाकीच्यांवर.

आपल्याकडे अशी माणसं कुठे असतात? रणजीत. आणि त्यांचा करार म्हणजे नोकरी. बँक, तेल कंपनी, नाहीतर रेल्वे. बांगर महाराष्ट्र आणि मुंबईच्या ज्युनिअर टीम्समधून खेळला, पण त्याचं बस्तान बसलं ते रेल्वेत. रेल्वेची टीम कुठल्याच राज्याची नसते. कुठलाही माणूस, कुठल्याही गावचा, नोकरी रेल्वेची, होम ग्राउंड दिल्लीतलं कर्नेल सिंग स्टेडियम. आता गंमत बघा. जिल्ह्यात निजामाच्या काळापासून गाडी येते ती आमच्या परळीला. खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी पोचली २०२५ च्या सप्टेंबरात! म्हणजे ज्याच्या जन्मगावी रुळ नव्हते तो माणूस वीस सीझन रेल्वेकडून खेळला आणि गावात गाडी यायच्या बारा वर्षं आधी रिटायरही झाला. लालफितीवर यापेक्षा चांगला जोक मला अजून सुचलेला नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

ऑगस्ट २००२, लीड्स, हेडिंग्ली. इंग्लंड सीरिजमध्ये १-० ने पुढे. ढगाळ हवा, बॉल हलणार हे दिसत होतं, आणि गांगुलीनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली. वर टीममध्ये कुंबळे आणि हरभजन असे दोन स्पिनर. सेहवागच्या जोडीला ओपनर कोण? वासिम जाफरला बसवून बांगर. हा ओपनर नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १०० केले होते, ते सातव्या नंबरवर. म्हणजे आपल्या भाषेत, बॅकएंडवाल्याला सांगितलं की उद्या क्लायंटसमोर डेमो तू दे.

१५ रन झाले आणि सेहवाग गेला. मग द्रविड आणि बांगर. हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. बॉल अंगावर, बोटांवर, मांडीवर. सोडायचे ते सोडले, लागायचे ते लागले. दोघांची १७० ची पार्टनरशिप झाली. बांगर २३६ चेंडू खेळून ६८ वर आउट झाला, म्हणजे जवळजवळ ४० ओव्हर एकट्यानं खाल्ल्या. पुढे द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. भारत ८ बाद ६२८ डिक्लेअर. सचिन-गांगुलीनं अंधुक उजेडात जी धुलाई केली ती सगळ्यांना आठवते. पण ती थकलेल्या बोलर्सची होती, आणि बोलर्स आपोआप थकत नाहीत, कोणीतरी थकवावे लागतात. दुसऱ्या इनिंगमध्ये बांगरनं आपल्या मध्यमगतीवर बुचर आणि क्रॉली असे दोघं काढले. डाव आणि ४६ रननं विजय. इंग्लंडमध्ये १९८६ नंतरची पहिली टेस्ट आपण जिंकली होती. मॅन ऑफ द मॅच द्रविड. बरोबरच आहे.

त्यानंतर काय? डिसेंबरात न्यूझीलंडच्या हिरव्यागार पिचवर सगळ्यांचीच वाट लागली, त्यात याचीही. हॅमिल्टनची टेस्ट शेवटची ठरली. एकूण १२ टेस्ट, १५ वनडे. २००३ च्या वर्ल्डकपला टीममध्ये होता, भारत अकरा मॅच खेळला, फायनलला गेला, याला एकही मॅच नाही.

इथे आपण बहुतेक लोक 'बिचारा' म्हणून चॅनेल बदलतो. पण गडी परत रेल्वेत गेला. रेल्वेनं पहिली रणजी जिंकली २००१-०२ मध्ये, दुसरी २००४-०५ मध्ये, दोन्हीकडे हा होता. २००८ ला आयपीएल आलं तेव्हा पस्तिशी उलटलेली, तरी दोन सीझन खेळला. जानेवारी २०१३ ला थांबला तेव्हा फर्स्ट क्लासमध्ये आठ हजारांवर रन आणि ३०० विकेट. यातल्या बहुतेक मॅचेस रिकाम्या स्टँडसमोर.

हे आज का लिहितोय? गेल्या आठवड्यात आमच्याकडे अप्रेझल झालं. माझ्या टीममधल्या एका मुलाला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' मिळालं. वर्षभर यानं जुनं पेमेंट मोड्यूल सांभाळलं, रात्री-बेरात्री फोन उचलले, त्यामुळे वर्षभरात काहीच पेटलं नाही. आणि काहीच पेटलं नाही म्हणून सांगायलाही काही नाही! रेटिंग कर्व्हमध्ये चमकणारे वेगळे होते. मी त्याच्यासाठी भांडलो, उपयोग झाला नाही. मुलगा नांदेडचा, घरी बहिणीचं लग्न, हप्ते. "सर, मी बदलू का कंपनी?" म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'न पेटलेली आग' एक्सेल शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये लिहायची?

बांगरची गोष्ट सांगून त्याचा हप्ता भरला जाणार नाही, हे मला कळतं. आणि 'शांतपणे काम कर, फळ मिळेल' असलं प्रवचन मी देणार नाही, कारण बांगरलाही ते तसं मिळालं नाही. पण हेडिंग्लीच्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला त्या ६८ ची किंमत माहीत असणार. त्याचा उपयोग पुढे कायमच्या सिलेक्शनला झाला नाही तरी माणसाला स्वतःचा हिशेब स्वतःपाशी ठेवता येतो. आणि ज्याला तो हिशेब दिसतो त्यानं तो वरच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो. ते काम मॅनेजरचं, म्हणजे माझं. सहा महिन्यांनी पुन्हा रिव्ह्यू आहे, यादी आत्तापासूनच करायला घेतलीय.

जाता जाता. २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकप सेमीफायनलला बेनोनीत भारत ४ बाद ३२, समोर २४५ चं टार्गेट. तिथून उदय सहारन आणि बीडच्या सचिन धसनं १७१ ची पार्टनरशिप केली. धसचे ९६. बांगर-द्रविडपेक्षा एक रन जास्त! मॅच जिंकली. आता बीडला गाडीही सुरू झालीय.

यूट्यूबवर हेडिंग्ली बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, हायलाइट्समध्ये सोडलेले बॉल दाखवत नाहीत. ते आपणच धरून चालायचे.

भेटू पुढच्या शनिवारी.