पत्र लिहिण्याचा हक्क

साताऱ्यास जायचे ठरले की आमच्या घरात पहिला ठराव पास होतो तो कंदी पेढ्यांचा. यंदाही तो एकमताने पास झाला आणि मी, सौ. व कॉलेजात जाणारे आमचे चिरंजीव असे तिघे एस.टी.त बसलो. खंबाटकीचा घाट चढत असताना चिरंजीवांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले.

"बाबा, भारत आता मोठी सत्ता होणार म्हणतात. पण परराष्ट्र धोरणाचा आपल्यासारख्यांशी संबंध काय?"

"सातारा येऊ दे, मग सांगतो," मी म्हटले.

अजिंक्यताऱ्यावरून खाली सारे शहर दिसते. छत्रपतींच्या गादीचे हे गाव. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना येथे राज्य दिले. पण १८१९ च्या तहात अट घातली की महाराजांनी परक्या सत्तांशी व्यवहार ठेवायचा नाही. गादी मिळाली, दरबार भरला. पत्र लिहिण्याचा हक्क तेवढा गेला! पुढे त्याच अटीने घात केला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप महाराजांवर आला आणि १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले.

त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. ते महाराजांचे वकील. म्हणजे कोर्टातले नव्हेत, राजाचे प्रतिनिधी. कागदांची भेंडोळी घेऊन १८५३ पर्यंत ते लंडनमध्ये दारे ठोठावीत राहिले. इकडे १८४७ मध्ये महाराज काशीस वारले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यही खालसा झाले.

"कागद खोटे होते का?" सौ.ने विचारले.

"खऱ्याखोट्याची चौकशी करणार कोण? आरोप करणारे तेच आणि निवाडा देणारेही तेच!"

दुसऱ्या दिवशी कराडला उतरलो. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथून देवराष्ट्रे गाठले. १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव येथे जन्मले, तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगलीत आहे. चीनच्या आक्रमणानंतर, १९६२ च्या नोव्हेंबरात, ते संरक्षणमंत्री झाले. १९७४ ते १९७७ या काळात ते परराष्ट्रमंत्री होते आणि त्याच काळात, १९७६ मध्ये, भारत व चीन यांनी एकमेकांकडे पुन्हा राजदूत पाठविण्याचे ठरविले. ज्या मुलखाच्या राजाला शेजाऱ्यास पत्र लिहिण्याची चोरी होती, त्याच मुलखातल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती साऱ्या देशाचा पत्रव्यवहार आला!

सांगलीच्या बाजारात हळदीच्या वासाने चिरंजीवांना शिंका आल्या. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. रंगो बापूजींच्या हातीही कागदच होते. पण आता कागदामागे स्वतंत्र देश उभा होता.

"म्हणजे आता आपल्याला कुणाची भीती नाही!" चिरंजीव खूश झाले.

"भीती आपल्याला नसेल रे. पण आपल्या शेजारी लहान देश आहेत. आपण मोठे होऊ लागलो की कुणाशी बोलावे, कुणाला पत्र लिहावे, हे त्यांना आपणच सांगू लागू, अशी धास्ती त्यांना वाटणारच. उद्या त्यांच्यातला एखादा रंगो बापूजी दिल्लीच्या दारी आला, तर त्याला तेरा-चौदा वर्षे ताटकळत ठेवायचे का?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. परतताना मात्र वर्तमानपत्राची घडी तशीच राहिली. सांगलीच्या भडंगाचा पुडा फोडून त्यांनी पहिली मूठ पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी पोरासमोर धरली, आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.