विकणे नाही

पिरंगुटजवळ ‘घोटावडे फाटा’ अशी पाटी आहे. तिथं उतरून गाव शोधणारा नवखा माणूस हमखास चकतो, कारण गाव काही किलोमीटर आत आहे, मुळा नदीच्या अंगाला. माझं ते आजोळ. एसटीच्या खिडकीतून पाट्या वाचत जाण्याची खोड मला याच रस्त्यावर लागली. भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण हे तेव्हाचं मोठं कोडं होतं. विचारलं की मोठी माणसं खिडकीबाहेर बघायची.

पाट्या तेव्हा मोजक्याच, कारण दुतर्फा भातखाचरं होती आणि खाचराला पाटी कशाला लागते? कुठलं कुणाचं, हे बांधावरून कळायचं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाला रोपं टाकायची, चिखलणी करून आवणी. आंबेमोहोर फुलोऱ्यात आला की त्याचा वास बांधावरच्या माणसाला आधी कळे. पण तो उंच वाढून लोळतो, उताराही कमी देतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. १९८७ नंतर तो मावळ-मुळशीत पसरला, आणि आमच्याकडेही आंबेमोहोर घरापुरता उरला.

पुढं हिंजवडीला आयटी पार्क आला, पिरंगुटला कारखाने वाढले, आवणीला माणूस मिळेना. मग पाट्या उगवल्या. ‘एनए प्लॉट’, ‘रिव्हर व्ह्यू’ वगैरे समजण्यासारख्या होत्या. मला बुचकळ्यात टाकलं ते पत्र्यावर लाल रंगानं लिहिलेल्या एका ओळीनं: ‘सदर जागा विकणे नाही.’ ज्याला विकायचं नाही त्यानं गप्प बसावं, रंगाचा खर्च कशाला?

उत्तर मामानं दिलं. “आरं, पाटी गिऱ्हाइकासाठी नाय, भावकीसाठी हाय.” सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी नावांची रांग असते. त्यातला एखादा वाटप होण्याआधीच आपला हिस्सा परस्पर लिहून देतो, आणि घेणारा एक दिवस तारांचं कुंपण घेऊन उभा राहतो. त्याच्या आधी पाटी उभी राहिलेली बरी. काही पाट्यांवर ‘न्यायप्रविष्ट’ असंही लिहिलेलं असतं. ती वाचली की ओळखायचं, या घरात दिवाळीचं जेवण आता एकत्र होत नाही.

पण विकायचं नाही म्हणून पीकही टिकतं असं नाही. खाचरं उतारावर एकाखाली एक असतात. वरच्याचं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात उतरतं. वर कुणी मुरूम टाकून प्लॉट पाडले की ती वाट बुजते. खालचा एक तर कोरडा पडतो, नाहीतर भलत्याच बाजूनं लोंढा येऊन त्याचा बांध फुटतो. अशी कितीतरी खाचरं मामाच्या शेजारी पड आहेत. विकलेली नाहीत, पेरलेलीही नाहीत. गवतातून बांधांच्या रेषा मात्र अजून स्पष्ट दिसतात.

याच मुळशी तालुक्यानं जमिनीसाठी देशाला एक लढा दिला. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यामागं मावळे उभे राहिले, ‘जान किंवा जमीन’ म्हणत. धरण झालंच, आणि वरच्या खोऱ्यातली उत्तम भातजमीन पाण्याखाली गेली. तिथं समोर एकच कंपनी होती, आणि ती ओळखू येत होती. घोटावड्याच्या बाजूला समोर कोण आहे? मामाला विचारलं तर तो आधी चुलत्याचं नाव घेईल, मग बिल्डरचं. चूक म्हणवत नाही.

सध्या हमरस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी पाटी आहे ‘अस्सल मुळशी आंबेमोहोर मिळेल’. बाजारात आंध्रातला, मध्य प्रदेशातला बारीक, वासाचा तांदूळ याच नावानं खपतो, त्यामुळं मी पोत्यात हात घालून वास घेतो. गेल्या खेपेला दुकानदार हसला आणि म्हणाला, “दादा, वास बघू नका, भाव बघा.” मी इंद्रायणी घेतला.