अमरावतीच्या आजीबाई

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. "तू घरबसल्या लिहून पैसे कमावतेस म्हणे, मलाही शिकव ना!" तिला कोणत्या साइटवर कसं काम मिळतं ते सांगितलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. ती आजवर मी आणि अकोल्याची आत्या अशा दोघींनाच ठाऊक होती. बाबा हा ब्लॉग वाचतात, त्यांना आज कळेल.

मी सुरुवात केली २००९ मध्ये. राजकमल चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसून परदेशी साइटसाठी इंग्रजी लेख लिहायचे. पाचशे शब्दांचे दोन डॉलर, म्हणजे तेव्हाचे नव्वद-पंच्याण्णव रुपये. विषय काय, तर कुत्र्यांचं खाणं आणि न्यूयॉर्कमधली स्वस्त हॉटेलं. मी तोवर पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते! :) लेखावर नाव माझं नसायचं आणि हक्कही विकलेले. बाबा विचारायचे, "लिहितेस तू, मग नाव कोणाचं?" मी म्हणायची, "पैसे माझे ना!"

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला आणि असले थातुरमातुर लेख शोधात मागे पडू लागले. आमचं काम आटलं. याहूने २०१० मध्ये विकत घेतलेली असोसिएटेड कंटेंटसारखी मोठी साइटसुद्धा २०१४ मध्ये बंद झाली. पण तोवर हातोहाती स्मार्टफोन आले होते आणि मराठी मजकुराला मागणी सुरू झाली होती. मला आरोग्याच्या एका मराठी साइटचं काम मिळालं. पाचशे शब्दांचे दीडशे रुपये. इंग्रजीतले चार-पाच लेख उघडायचे, इथलं थोडं, तिथलं थोडं घ्यायचं, झाला लेख तयार. दिवसाला तीन सहज व्हायचे.

त्यातलाच एक मधुमेहावरच्या घरगुती उपायांचा. संपादकांनी तो परत पाठवला, "कोरडा वाटतोय, कुणाचा तरी अनुभव टाका." अनुभव कुठून आणू? मग मी एक आजीबाई तयार केल्या. अमरावतीच्या, वय ७२, रोज सकाळी कारल्याचा रस घेणाऱ्या. तीन आठवड्यांत त्यांची साखर आटोक्यात आली आणि गोळ्या सुटल्या. लेख लगेच पास झाला.

२०१६ ची भाऊबीज. बाबांबरोबर बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेले. आत्याने फराळाचं ताट पुढे ठेवलं, स्वतःही करंजी उचलली. बाबा रागावले, तर म्हणाली, "गोई आता अर्धीच घेतो मी. कारल्याचा रस सुरू केला हाये." आणि फोन माझ्या हातात दिला. "वाच बरं. तुह्या अमरावतीच्याच आजी हायेत. पत्ता काढ त्यांचा, एकडाव भेटून येऊ."

व्हॉट्सअॅपवर आलेला तो लेख माझाच होता. स्वल्पविरामासकट.

बाबा समोर होते, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी हट्टाने आत्याला तपासणीला नेलं. उपाशीपोटी साखर २६८. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं. आजीबाई नाहीत, मीच आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "किती भेटले तुले?"

"दीडशे."

"तपासणीलेच त्याच्याहून जास्त लागले, बाप्पा."

रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच रात्री साइटला कळवलं, लेख काढून टाका. उत्तर आलं की लेखाचे हक्क आमच्याकडे आहेत आणि तो सर्वांत जास्त वाचला जाणाऱ्यांपैकी आहे. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलच्या आणखी एका बदलात आरोग्याच्या कितीतरी साइट घसरल्या, त्यात तीही गेली. पण व्हॉट्सअॅपवरून फिरणाऱ्या मजकुराला शोधात वर यावं लागत नाही. गेल्या महिन्यात आजीबाई आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा अवतरल्या. आता त्या ७८ वर्षांच्या आहेत आणि नाशिकला राहतात! मी खाली लिहिलं, "हे खोटं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कमी करू नका." एका काकांनी विचारलं, "तुला काय माहीत?" त्यांनाही हेच उत्तर.

आरोग्यावर लिहिणं मी तेव्हाच सोडलं. आता काम कमी घेते, जे घेते त्यावर नाव मागते. नाव द्यायचं तर प्रत्येक ओळ तपासावी लागते, म्हणून दिवसाला तीन लेख होत नाहीत. पैसेही अर्थातच कमी. नाव नसलेले लेख आता यंत्रही मिनिटात लिहून देतं, त्याला दीडशेसुद्धा कोण देणार?

मैत्रिणीला एवढंच सांगायचं राहिलं. शब्दाला किती पैसे ते विचार, जरूर विचार. पण हा लेख आपल्या आत्याने खरा मानला तर चालेल का, ते आधी विचार.

असो. आत्या पूर्ण गोळी घेते, साखर ठीक आहे. हे लिहू का म्हणून तिला फोन केला होता. म्हणाली, "लेह. पण या वेळी आजीचं वय बरोबर टाक."

आत्या, तू ७४ ची आहेस.