ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जातंय? मग आधी ही चाचणी करा

गाडीत बसून एक साधी गोष्ट करून बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पेडल कडक होईल. आता पाय न उचलता, तेवढाच जोर ठेवून अर्धा मिनिट थांबा. पेडल जागेवर राहिलं तर ठीक. पाय स्थिर असूनही ते खाली सरकत गेलं, तर घाट सोडाच, ती गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेऊ नका. पेडल टिकलं असेल तर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबेल. तो बूस्टरचा गुण आहे, बिघाड नव्हे.

हे मी सांगतेय, कारण आमच्या घरात यावरून आठवडाभर वाद चालला होता. आम्ही हुणसूरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. बाबांच्या जुन्या गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला लागेना. "दोनदा दाबला की लागतो ना? मग झालं!" असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला पंचविशीतली मुलगी, तीही बी.ए. इंग्लिश, ब्रेकचं काय सांगणार! शिवाय हुणसूर ते म्हैसूर रस्ता बराचसा सपाट, तिथे दोनदा दाबून भागतंही. पण त्या रविवारी आजीला घेऊन मंगळूरला आत्याकडे जायचं होतं. हाच 275 नंबरचा हायवे कुशालनगर सोडल्यावर मडिकेरीला चढतो आणि पुढे संपाजे घाटात वळणावळणाने उतरतो. तिथे दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळेलच असं नाही.

शेवटी मी बाबांनाच सीटवर बसवलं आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. "बाबा, दाबून धरा." अर्धा मिनिट व्हायच्या आत त्यांचा पाय खाली टेकला. ते काही बोलले नाहीत. किल्ली काढली आणि आजीच्या हातात दिली.

आता मुद्द्याचं. पेडल मऊ लागणं आणि पेडल खाली जात राहणं, हे दोन वेगळे आजार आहेत.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि नळ्यांमधल्या ब्रेक ऑइलमार्फत दाब चाकांपर्यंत पोचतो. द्रव चेपला जात नाही, हवा चेपली जाते. नळीत हवा शिरली असेल तर तुमचा जोर त्या बुडबुड्यांवरच खर्च होतो आणि पेडल स्पंजसारखं लागतं. दोन-तीनदा दाबल्यावर ते वर येत असेल तर संशय हवेवर घ्या, किंवा मागच्या ड्रममधले ब्रेक शू झिजून सैल झालेत का ते बघायला सांगा.

पेडल खाली जात राहतं, तेव्हा दाब कुठून तरी निसटत असतो. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीवरची खूण बघा. मग चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर आणि पेडलच्या मागे ओल शोधा. पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते, पण भरभर उतरत असेल तर गळती नक्की. आणि ऑइल पुरेसं, ओल कुठेच नाही, तरी पेडल खाली? मग बहुतेक मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील गेलेत. ऑइल आतल्या आत मागे फिरतं, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही. आमचं नेमकं हेच होतं. एका गॅरेजने आधी नुसतं ऑइल भरून दिलं होतं, आणि काठोकाठ टाकी बघून बाबा निर्धास्त झाले होते. दुसऱ्या मिस्त्रींनी एकदा पेडल दाबलं आणि म्हणाले, "ओळगे होगता इदे." आत जातंय. मास्टर सिलिंडरच बदलला.

आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, सील फुगून निकामी होतात. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलंय ते वाचा. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. नवं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की ती मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. लांब उतारावर ब्रेक तापले की मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल अचानक मऊ पडतं. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक, आणि माणूस फसतो. म्हणून बऱ्याच कंपन्या साधारण 2 वर्षांनी हे ऑइल बदलायला सांगतात. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका.

मास्टर सिलिंडर बदलल्यावर हवा काढावी लागते. आमच्याकडे आई सीटवर आणि मिस्त्री चाकापाशी. आईने दाबून धरायचं, त्यांनी निपल सैल करायचं, बुडबुडे आणि ऑइल बाहेर आलं की घट्ट करायचं, मगच आईने पाय सोडायचा. मध्येच सोडला तर हवा परत आत! टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. एबीएस असलेल्या काही गाड्यांना यासाठी स्कॅनर लागतो, तेव्हा हे काम गॅरेजमध्येच करा.

आणि चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर? भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. इंजिन मात्र बंद करू नका, बूस्टरची मदतही जाते.

आत्याकडे आम्ही एक आठवडा उशिरा गेलो. निघण्याआधी मोकळ्या मैदानात कमी वेगात चार-पाचदा ब्रेक मारून बघितले. संपाजे घाट बाबांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला, ब्रेक फक्त वळणापुरता.